एवढ्याशा लॅबले सॉफ्टवेअर कशाले?

"एवढ्याशा लॅबले सॉफ्टवेअर कशाले पाहिजे, भाऊ? रजिस्टर आहे न!" गडचिरोलीच्या दक्षिणेकडे एका ट्रस्टच्या दवाखान्यात लॅब सांभाळतो आणि तिथल्या मालाचा साठा, ऑर्डर सॉफ्टवेअरवर ठेवतो म्हटलं की बाकीचे टेक्निशियन हमखास हेच विचारतात. तुम्हीही विचारलंत म्हणून सांगतो.

माल मोजायला रजिस्टर पुरतं. तारखा सांभाळायला पुरत नाही, आणि लॅबचा अर्धा खेळ तारखांचाच. एकाच रिएजंटच्या, म्हणजे तपासणीच्या रसायनाच्या, दोन बाटल्या फ्रिजमध्ये शेजारी असतात, लॉट (कंपनीत एका वेळी बनलेली खेप) वेगळे, एक्सपायरी वेगळी. त्यात झाकण उघडलं की छापील तारखेवर विसंबता येत नाही; कंपनीच्या पत्रकात 'उघडल्यावर इतके दिवस' लिहिलेलं असतं, तेही पाहावं लागतं. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या सोल्युबिलिटी टेस्टमधली सोडियम डायथायोनाइटची पावडर तर हवेतल्या ओलाव्यानंच मरते. पावडर मेलेली असली की नळीत गढूळपणा येत नाही, आणि सिकलचा पेशंट 'निगेटिव्ह' होऊन घरी जातो. म्हणून कंट्रोल (ज्याचं उत्तर आधीच माहीत आहे असा नमुना) लावायचा, आणि बाटली कधी उघडली तेही लिहायचं. रक्त गोठू न देणाऱ्या ईडीटीएच्या जांभळ्या झाकणाच्या ट्यूबलाही एक्सपायरी असते, जुनी झाली की तिचा व्हॅक्यूम उतरतो. हे किती जण बघतात?

सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक लॉटची वेगळी ओळ, आणि ज्याची मुदत आधी संपते तो सगळ्यात वर. माझ्या मते पैसे एवढ्यातच वसूल.

ऑर्डरचं गणित मात्र डोळे मिटून त्याच्यावर सोडू नका. हिशेब सोपा आहे: रोजचा खप गुणिले माल पोचायचे दिवस, वर थोडा राखीव. रोज १५ टेस्ट आणि माल यायला १० दिवस, म्हणजे १५० त्यातच गेल्या. ५० राखीव धरल्या तर साठा २०० पर्यंत उतरला की ऑर्डर टाकायची. पण ते '१० दिवस' सॉफ्टवेअरला आपणच सांगतो, आणि आपल्याकडे ते बारा महिने सारखे नसतात. मे महिन्यात ब्रह्मपुरी-चंद्रपूरकडे पारा ४५ च्या पुढे जातो. २ ते ८ अंशांत ठेवायचं रिएजंट नागपूरहून थर्माकोलच्या डब्यात निघतं, त्यातला बर्फ वाटेतच संपतो. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागड तुटतं, आणि मलेरियाही तेव्हाच वाढतो. म्हणून फ्रिजमधला माल उन्हाळ्याआधी, मलेरियाच्या किट पावसाआधी. किटवर तापमानाची मर्यादा छापलेली असते, कुठे ३० अंश, कुठे ४०. मागवून टिनाच्या खोलीत ठेवल्या तर काय उपयोग?

आणखी एक. २०२३ मध्ये सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. तपासणीचं शिबिर लागलं की कित्येक दिवसांचा खप एका दिवसात होतो. तो रोजच्या खपात मिसळू देऊ नका, 'शिबिर' म्हणून वेगळा टाका. नाहीतर सरासरी फुगते आणि पुढच्या महिन्यात नको तेवढा माल येऊन पडतो.

कोणतं घ्यावं? सरकारी दवाखान्यांत ई-औषधी हे सरकारचंच साठ्याचं सॉफ्टवेअर आहे, तिथे निवडायचा प्रश्नच नाही. क्वार्टझीसारखी सॉफ्टवेअरं मागणी, मंजुरी, ऑर्डर, आवक अशी साखळी छान दाखवतात, पण ती संशोधन लॅबसाठी. आपला डीलर ऑर्डर व्हॉट्सॲपवरच घेतो. विजेची लाइन आणि नेटवर्क दोन्ही बेभरवशाचे असतील तर लॅपटॉपवरच्या एक्सेलपासून सुरुवात करा. नाव, लॉट, एक्सपायरी, उघडल्याची तारीख, शिल्लक, एवढे रकाने पुरे. नोंद मात्र बाटली काढतानाच. "संध्याकाळी टाकतो न" म्हणणाऱ्याच्या हाती कितीही महागडं सॉफ्टवेअर द्या, रजिस्टरच होतं त्याचं.

आणि ऑर्डर पाठवताना त्यातच लिहा: एक्सपायरी किमान सहा महिने पुढची हवी. डीलर कुरकुरतो, पण पाठवतो.