चोर्ल्याच्या चढावर हिसके देणारी टर्बो गाडी

गेल्या पावसाळ्यातली केस आहे. खानापूरकडचे एक काजूचे व्यापारी, वयानं माझ्या वडलांएवढे, मी त्यांना मामाच म्हणतो, त्यांचं गोव्याला सारखं जाणं-येणं. गाडी एक लिटरची, तीन सिलिंडर, टर्बो पेट्रोल (टर्बो म्हणजे इंजिनात जादा हवा दाबून भरणारा पंखा). तक्रार अशी की खानापुरात, बेळगावात, टिळकवाडीच्या रेल्वे गेटजवळच्या गर्दीत गाडी एकदम शांत चालते, पण गोव्याहून येताना केरी सोडून चोर्ला घाट चढायला लागलं आणि तिसऱ्या गिअरात जरा पाय दाबला की हिसके सुरू, आणि मीटरमधला चेक इंजिनचा दिवा लुकलुकायला लागतो. पाय सोडला की परत सगळं ठीक.

माझ्या गॅरेजात यायच्या आधी ते दुसऱ्या एका ठिकाणी जाऊन आले होते. तिथं सर्व्हिसिंगला स्पार्क प्लग बदलले, त्यानंतरच हे दुखणं सुरू झालं, मग एक कॉइल (प्लगला ठिणगीसाठी व्होल्टेज देते ती) बदलली, फरक नाही, मग पेट्रोलवर ढकललं आणि शेवटी सांगितलं की टर्बो गेलाय. मामा बिलं घेऊनच आले होते, म्हणाले, "खरं सांग बाबा, टर्बो काढायचा म्हणतात, एवढा खर्च घालू काय नको?"

म्हटलं मामा, आधी गाडी चढावर बघूया की, मग टर्बोचं बोलू.

हा लुकलुकणारा दिवा लोक सोडून देतात ते मला अजिबात पटत नाही. दिवा नुसता लागून राहिला तर गाडी जपून गॅरेजपर्यंत आणता येते, पण लुकलुकतोय म्हणजे मिसफायर, म्हणजे सिलिंडरमध्ये पेट्रोल न पेटणं, इतका चाललाय की न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरकडं जाऊन कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये, म्हणजे धूर स्वच्छ करणाऱ्या डब्यात, जळतंय, आणि तो एकदा वितळला की मग खरंच मोठा खर्च. त्यावेळी पाय सोडायचा, रेटायचं नाही.

स्कॅनर लावला तर पी०३०० हा कोड आला, म्हणजे एका ठराविक सिलिंडरचा नाही, इकडं तिकडं सगळीकडं मिसफायर. मग काकतीच्या पुढं वंटमुरी घाटाच्या चढावर गाडी घेतली, मी चालवायला आणि आमचा गॅरेजातला पोरगा शेजारी स्कॅनर धरून. तो घरचा कन्नड, आकडे कन्नडमध्येच वाचतो. मी मुद्दाम तिसऱ्यात कमी आरपीएमला पाय दाबला, पोरगा मोजायला लागला, "नूरा इप्पत्तु, नूरा ऐवत्तु, नूरा एंबत्तु..." (एकशे वीस, दीडशे, एकशे ऐंशी) आणि नूरा एंबत्तु म्हणेपर्यंत गाडीनं हिसका दिला आणि तिन्ही सिलिंडरचे मिसफायरचे आकडे वाढायला लागले.

मला तिथंच उत्तर मिळालं. तो वाचत होता ते मॅनिफोल्डचं, म्हणजे सिलिंडरकडं हवा नेणाऱ्या नळीतलं प्रेशर, १८० केपीए (किलोपास्कल). बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरवर, इथं बाहेरच्या हवेचंच प्रेशर ९२-९३ च्या आसपास, म्हणजे टर्बो जवळजवळ दुप्पट दाब देत होता. गेलेला टर्बो एवढा दाब देईल काय? टर्बो पोचतोय म्हणूनच हिसका बसतोय, दाब वाढला की ठिणगी पडत नाही, एवढी सरळ गोष्ट होती.

परत आलो, इंजिन थंड होऊ दिलं (अॅल्युमिनियमच्या हेडमधून गरम असताना प्लग काढायचा नाही, आटे खराब होतात), आणि प्लग काढले. दिसायला नवेकोरे, अस्सल कंपनीचे, इरिडियमचे. वायर गेज (मोजमापाच्या तारा) घातला तर गॅप, म्हणजे ठिणगी उडते ती फट, १.१ एमएम. मॅन्युअल काढून बघितलं, या इंजिनाला ०.७ ते ०.८. आणि दोन नंबरच्या प्लगच्या पांढऱ्या चिनीमातीवर वरून खाली मेटलपर्यंत पेन्सिलनं ओढल्यासारखी बारीक काळी रेघ, तशीच रेघ कॉइलच्या रबरी बुटाच्या आतल्या बाजूला. प्लगच्या मेटलच्या जरा वर जो तपकिरी पट्टा गोल दिसतो तो वेगळा, तो डाग असतो, त्यानं काही होत नाही, बरीच पोरं तो बघून प्लग फेकून देतात. पण ही उभी काळी रेघ म्हणजे करंटनं गॅपमधून उडी न मारता बाहेरच्या बाहेर बॉडीकडं पळ काढला त्याची खूण.

मामांना बसवून समजावलं. ठिणगीला गॅप ओलांडायला किती व्होल्टेज लागणार हे दोन गोष्टींवर ठरतं, गॅप किती आणि मधल्या हवेचा दाब किती, दोन्ही वाढले की व्होल्टेजची मागणी वाढत जाते. इंजिन चालू ठेवून गाडी उभी असताना (आयडलिंग) मॅनिफोल्डमध्ये प्रेशर ३५-४०, त्यात १.१ चा गॅप कॉइलला काहीच जड नाही, उलट आयडलिंगला असा गॅप छानच चालतो, म्हणून गावात तक्रार नाही. घाटात तोच सिलिंडर चार-पाचपट हवेनं भरलेला, तिथं कॉइलची ताकद संपते आणि करंट दुसरी वाट शोधतो. टर्बो नसलेल्या इंजिनाला १.० - १.१ चा गॅप सर्रास असतो, टर्बोला म्हणूनच कमी ठेवतात.

आता हा प्लग आला कुठून, तर याच मॉडेलचं टर्बो नसलेलं इंजिनही मिळतं, दुकानात मॉडेलचं नाव सांगून प्लग मागितला असणार आणि त्याचा दिला असणार. आटे तेच, लांबी तीच, बसतो बरोबर, म्हणून कोणाला शंका येत नाही. एनजीकेच्या नंबरात शेवटी ११ असेल तर गॅप १.१, ९ असेल तर ०.९, एवढं जरी वाचलं असतं तरी कळलं असतं.

मामा व्यापारी माणूस, लगेच म्हणाले, "नवेच आहेत ना, मग वाकवून गॅप कमी कर की, कशाला परत पैसे?" विचारणं बरोबरच होतं. गॅप जरासाच इकडं तिकडं असता तर मी वाकवून दिलेही असते, पण १.१ चा ०.७५ करायचा म्हणजे वरची पट्टी तिरकी होते, टोकासमोर सरळ बसत नाही. शिवाय खरा मुद्दा हीट रेंजचा. काढलेला प्लग या इंजिनाच्या मूळ प्लगपेक्षा एक नंबर गरम होता. गरम प्लग म्हणजे आतल्या चिनीमातीचं नाक लांब, उष्णता हेडकडं सावकाश जाते. नाकाचं टोक साधारण ५०० डिग्रीच्या वर राहिलं तर कार्बन जळून स्वच्छ राहतं, पण ८००-९०० च्या वर गेलं की ठिणगी पडायच्या आधीच पेट्रोल पेटायला लागतं आणि टर्बोत असं झालं तर पिस्टनला भोक पडायला वेळ लागत नाही. गॅप वाकवता येतो, हीट रेंज वाकवता येत नाही. आणि यात अजून एक घोळ, एनजीके आणि डेन्सोत नंबर वाढला की प्लग थंड, बॉशमध्ये बरोबर उलटं, त्यामुळं ब्रँड बदलताना नुसता आकडा बघून चालत नाही.

काही पोरं ट्यूनिंग करून येतात आणि टर्बो आहे म्हणून गॅप ०.५ करून द्या म्हणतात, तेही मी सहसा करत नाही, गॅप फार कमी केला तर ठिणगी बारकी पडते, आयडलिंग खरखरीत होतं.

चासी नंबरवरून बरोबर पार्ट नंबरचे प्लग मागवले. खोक्यातून आले तरी प्रत्येक प्लग मोजतो मी, वाटेत खोका पडला तर पट्टी दबलेली असते. इरिडियमचं मधलं टोक ०.६ एमएमचं असतं, काहींचं ०.४, म्हणून ते नाण्यासारखं गोल गेज सरकवायचं नाही, त्याच्या कडेनं टोक तुटतं, वायर गेजनं बघायचं आणि लागलंच तर फक्त बाहेरची पट्टी हलवायची. तीनपैकी एक ०.८ च्या जरा वर होता, तेवढा आत घेतला. आट्याला ग्रीस, अँटीसीझ (आटे धरू नयेत म्हणून लावतात ते) काही नाही, आधी हातानं फिरवला, मग टॉर्क रेंच, १२ एमएमचे आटे म्हणून १८ न्यूटन मीटर. रेघ पडलेला बूट बदलला, नाहीतर नवीन प्लगलाही तीच वाट सापडते.

परत वंटमुरी. तोच चढ, तोच गिअर, पोरगा परत मोजतोय, "नूरा एंबत्तु... नूरा तोंबत्तु..." (एकशे ऐंशी, एकशे नव्वद) मी विचारलं मिसफायर किती, तर म्हणाला, "सोन्नी, अण्णा." शून्य. दोन-तीनदा दाबून बघितलं, तिन्ही सिलिंडर शून्यच. मागच्या सीटवर मामा, ते कन्नड पक्कं बोलतात, त्यांना सांगायची गरजच पडली नाही.

काढलेले प्लग मी खोक्यात घालून, वर मार्करनं गॅप आणि नंबर लिहून त्यांना परत दिले. ते घेऊन मामा सरळ त्या दुकानात गेले, आणि संध्याकाळी दुकानदाराचाच मला फोन, भांडायला नाही, टर्बोचा बरोबर नंबर कुठला ते विचारायला. मी मॅन्युअलच्या पानाचा फोटो काढून व्हॉट्सअॅपवर पाठवला आणि सांगितलं, इथून पुढं कोणी प्लग मागितला की मॉडेल नाही, इंजिन विचारा.