व्हीएनडीबीवर एडिट करताना: माहिती खेळाची की रिलीजची?

व्हीएनडीबी हा व्हिज्युअल नॉव्हेलचा, म्हणजे चित्रं आणि आवाजासोबत वाचायच्या कथा-खेळांचा, डेटाबेस २००७ पासून वाचकच भरत आलेत. खातं उघडलं की बहुतेक नोंदी कुणालाही बदलता येतात. नवख्यांची चुकलेली एडिट्स पाहिली, तर त्यांतली बरीचशी एकाच घोळातून आलेली असतात: खेळाची माहिती रिलीजमध्ये (म्हणजे त्या खेळाच्या बाजारात आलेल्या एकेका आवृत्तीत) आणि रिलीजची माहिती खेळात.

खेळाच्या नोंदीत कथा, वर्णन, लेखक-चित्रकार-संगीतकार, टॅग (खेळात काय आहे ते सांगणाऱ्या खुणा) आणि इतर खेळांशी नातं येतं. तारीख, भाषा, प्लॅटफॉर्म, वयोमर्यादा, रिझोल्यूशन, आवाज, इंजिन, बारकोड आणि प्रकाशक हे सगळं रिलीजचं. 'फेट/स्टे नाइट' ३० जानेवारी २००४ ला विंडोजवर प्रौढांसाठी आला. २००७ मध्ये तोच 'रिआल्टा नुआ' या नावाने प्लेस्टेशन २ वर आला, प्रौढ दृश्यं वगळून आणि पात्रांना आवाज देऊन. खेळ एकच, रिलीज दोन. 'त्सुकिहिमे'चं तसं नाही. २००० सालचा मूळ खेळ आणि २०२१ चा रीमेक यांची संहिताच वेगळी, म्हणून नोंदीही वेगळ्या आणि त्यांना जोडणारं नातं तिसरं. नवीन नोंद उघडण्याआधी एवढंच बघायचं: मजकूर नव्याने लिहिलाय की फक्त बांधणी बदललीय? चित्रं चकचकीत केली, आवाज घातला, नवीन कन्सोलवर आणलं, तर ते रिलीजच.

फॅन ट्रान्सलेशनचा पॅच, म्हणजे चाहत्यांनी केलेलं भाषांतर मूळ खेळावर चढवणारी फाइल, हासुद्धा स्वतंत्र रिलीज असतो. त्यावर 'पॅच' आणि 'अनधिकृत' अशा दोन्ही खुणा हव्यात. पॅचमध्ये फक्त पहिलं प्रकरण भाषांतरित असेल, तर प्रकार 'पूर्ण' नव्हे, 'अर्धवट'. मोफत डेमो असेल तर 'ट्रायल'. मशीन ट्रान्सलेशन असेल तर भाषेपुढची ती खूण करायचीच. ती राहिली की कुणीतरी विश्वासाने पॅच उतरवतं आणि दहाव्या ओळीला डोकं धरून बसतं.

तारखेत लोक सगळ्यात जास्त फसतात. रिलीजची तारीख म्हणजे तो विशिष्ट रिलीज लोकांना पहिल्यांदा मिळाला तो दिवस. घोषणेची तारीख नाही, आणि दुकानाने पुढे ढकललेली जुनी तारीख तर नाहीच. फक्त महिना माहीत असेल तर महिन्यावर थांबा, फक्त वर्ष माहीत असेल तर वर्षावर. महिन्याची पहिली तारीख अंदाजाने टाकून ठेवू नका, कारण 'एक' ही खरी तारीखही असू शकते आणि नंतर येणाऱ्याला फरक कळायला मार्ग उरत नाही. डिजिटल रिलीजमध्ये टाइमझोनचा खोडा असतो. जपानमध्ये मध्यरात्री विक्री सुरू झाली, तेव्हा यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, आदल्या दिवसाचे दुपारचे तीन वाजलेले असतात. म्हणून दुकानाचं पान तुमच्या घड्याळाप्रमाणे तारीख दाखवत असेल, तर ती एक दिवस मागची निघू शकते. प्रकाशकाच्या पानावरची तारीख घ्या.

पेटीवरचा जॅन कोड, म्हणजे जपानी बारकोडचा आकडा, तेरा अंकी असतो आणि जपानी मालावर तो ४५ किंवा ४९ ने सुरू होतो. फोटोवरून वाचताना ३ आणि ८, ० आणि ६ यांची गल्लत होते, म्हणून शेवटचा अंक ताडून बघावा. ४९०१२३४५६७८९४ हा नमुना घ्या. डावीकडून विषम स्थानांवरचे अंक: ४+०+२+४+६+८ = २४. सम स्थानांवरचे: ९+१+३+५+७+९ = ३४, त्याची तिप्पट १०२. बेरीज १२६, पुढच्या दशकाला म्हणजे १३० ला ४ कमी, म्हणून शेवटचा अंक ४. एक अंक चुकला तर हा हिशोब हमखास पकडतो. शेजारचे दोन अंक उलटसुलट झाले तरी सहसा पकडतो, पण त्यांच्यात ५ चा फरक असेल, जसे १ आणि ६, तर चूक निसटते.

नावांचं प्रकरण वेगळं. मूळ नाव मूळ लिपीतच द्यायचं आणि रोमन रूप वेगळ्या रकान्यात. जपानी व्यक्तीचं आडनाव आधी. एकाच कांजीची (जपानीतल्या चिनी चित्राक्षराची) वाचनं अनेक असतात: 'झेपावणं' अशा अर्थाची एक कांजी नावात शो, काकेरु किंवा त्सुबासा अशी कशीही वाचली जाते. तेव्हा शब्दकोशातून नाव उचलू नका. अधिकृत पानावरची फुरिगाना, म्हणजे कांजीशेजारी बारीक अक्षरांत दिलेला उच्चार, बघा, किंवा खेळात पात्र स्वतःचं नाव उच्चारतं तो प्रसंग ऐका. भाषांतराचं सॉफ्टवेअर इथे अगदी आत्मविश्वासाने चुकतं.

श्रेयनामावलीत नाव जसं छापलंय तसंच टोपणनाव निवडा. प्रौढांसाठीच्या पीसी खेळांत आवाज देणारे कलाकार बरेचदा वेगळं नाव वापरतात. 'आवाज सारखाच वाटतो' हा पुरावा नव्हे. दोन नावं एकाच व्यक्तीची असल्याचं तिने किंवा तिच्या कंपनीने जाहीर केलं नसेल, तर ती जोडू नका. इथली चूक नुसती माहितीची राहत नाही, कुणाच्या तरी पोटापाण्याला झळ लागू शकते.

स्क्रीनशॉट खेळाच्या मूळ रिझोल्यूशनमध्येच हवा: ६४० × ४८० चा खेळ असेल तर तेवढाच. विंडोजचं डिस्प्ले स्केलिंग १२५ टक्क्यांवर असेल, तर १२८० × ७२० ची खिडकी १६०० × ९०० अशी पकडली जाते आणि अक्षरांच्या कडा पुसट होतात. खेळाच्या फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये, कंपॅटिबिलिटीच्या टॅबात, हाय डीपीआय स्केलिंग 'ॲप्लिकेशन'कडे सोपवा. तरी जमलं नाही तर स्केलिंग १०० टक्क्यांवर आणा. खिडकीची चौकट कापून टाका आणि पीएनजीमध्ये जतन करा. जेपीजी एकदा केलं की मागून पीएनजी करून काही परत येत नाही. चित्रं शक्यतो सुरुवातीच्या भागातली निवडा, आणि एक-दोनांत मजकुराची चौकट दिसू द्या, कारण वाचायला कसं वाटेल हे लोकांना त्यातूनच कळतं. चढवल्यावर प्रत्येक चित्राला लैंगिकता आणि हिंसा अशा दोन मापांवर, प्रत्येकी तीन पायऱ्यांत, खूण करायची असते. ती समोरच्या चित्राला लावा. खेळ भयानक आहे म्हणून शांत बागेचं चित्र हिंसक ठरत नाही.

टॅगला मत –३ ते +३ असं देता येतं. ऋण मत म्हणजे 'हा टॅग इथे लागूच होत नाही'. टॅगचा विषय आवडला नाही म्हणून ते देऊ नये. स्पॉयलरची, म्हणजे कथेचं गुपित फोडण्याची, पातळी मात्र थोडी चढीच ठेवावी असं मला वाटतं. शेवटच्या प्रकरणात उलगडणारं गुपित टॅगच्या नावातच उघडं पडत असेल, तर ते मोठं स्पॉयलर, मग तो खेळ वीस वर्षं जुना का असेना. वर्णनालाही हेच लागू: कथा जिथे रुळाला लागते तिथे थांबा. दुकानाच्या पानावरचा मजकूर जसाच्या तसा घेतला असेल, तर तो कुठून घेतला ते खाली लिहा.

प्रत्येक एडिटसोबत सारांश लिहावा लागतो आणि तिथे 'अपडेट' लिहिणं म्हणजे काहीच न लिहिणं. 'तारीख प्रकाशकाच्या पानावरून, वयोमर्यादा पेटीच्या मागच्या बाजूवरून, रिझोल्यूशन स्वतः चालवून' असं लिहिलं की पुढच्याला तपासता येतं. जुनी रूपं इतिहासात राहतात, त्यामुळे तुमचं एडिट उलटवलं गेलं तर तेच पुन्हा टाकण्याआधी उलटवणाऱ्याचा सारांश वाचा. बहुधा त्यात तारखेचा दुसरा पुरावा असतो, किंवा तुम्ही ज्या रिलीजची माहिती टाकलीत तो रिलीज शेजारच्याच ओळीत आधीपासून असतो.