आमची वाटचाल : नगाचा भाव आणि नगाचा कार्बन

वाळूज एमआयडीसीत आमचं प्रेस शॉप आहे. पत्र्याचे ब्रॅकेट, क्लॅम्प, छोट्या सब-असेंब्ली. कॉइलमधून, म्हणजे पत्र्याच्या गुंडाळीतून, ब्लँक (मापाचे कोरे तुकडे) कापायचे, वाकवायचे, मिग वेल्डिंग करायचं, पावडर कोटिंग करून पाठवून द्यायचं. १९८५ साली इथे बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला आणि त्यामागे वेंडरांची जी रांग लागली, तिच्या शेपटाला वडिलांनी एक पॉवर प्रेस टाकला. आधी जॉबवर्क, मग स्वतःचे डाय, मग कोटिंगचा ओव्हन. वाळूजमधल्या कुठल्याही जुन्या वेंडरला विचारा, कमीजास्त हेच सांगेल. म्हणून ते इथेच सोडतो आणि गेल्या काही वर्षांत आमच्या कामात जे नवं शिरलं त्याबद्दल लिहितो.

आमचा माल थेट परदेशात जात नाही. तो एका मोठ्या पुरवठादाराकडे जातो, तिथे जुळणी होते आणि मग युरोपला रवाना होतो. त्या पुरवठादाराच्या परचेस विभागाकडून एक एक्सेल आलं : प्रत्येक पार्ट नंबरसमोर ‘एका नगामागे किती किलो कार्बन’ (म्हणजे हवेत जाणारा कार्बन डायऑक्साइड) एवढं भरून द्या, खाणीपासून तुमच्या गेटपर्यंतचा हिशोब धरा, पद्धत आयएसओ १४०६७ ची. आमच्याकडे तोवर आयएसओ म्हणजे क्वालिटीचं ऑडिट आणि भिंतीवरचं सर्टिफिकेट.

हे खूळ एकट्या युरोपचं नाही. देशातल्या बाजारमूल्याने पहिल्या एक हजार सूचिबद्ध कंपन्यांना २०२२-२३ पासून सेबीचा बीआरएसआर, म्हणजे पर्यावरण आणि सामाजिक जबाबदारीचा, अहवाल सक्तीचा आहे. कार्बनच्या हिशोबाची तीन खाती असतात : स्वतः जाळलेलं इंधन, विकत घेतलेली वीज, आणि विकत घेतलेल्या मालासारखं बाकीचं. आमचं डिझेल, गॅस आणि वीज ही आमच्या पहिल्या-दुसऱ्या खात्यात येते. तोच आकडा मालाबरोबर ग्राहकाच्या तिसऱ्या खात्यात, म्हणजे स्कोप थ्रीमध्ये जातो. त्याला स्वतःचं खातं पूर्ण करायचं तर आमच्याकडे हात पसरण्यावाचून इलाज नाही. हे एकदा कळलं की रागही येत नाही. युरोपचा सीबॅम, म्हणजे आयात मालाच्या कार्बनवरचा आकार, मात्र वेगळं प्रकरण. तो १ ऑक्टोबर २०२३ पासून नुसत्या माहितीपुरता होता, १ जानेवारी २०२६ पासून पैशाचा झाला. नट-बोल्ट त्याच्या यादीत आहेत, त्यामुळे ते थेट निर्यात करणाऱ्यांची खरी धावपळ. वर्षाला ५० टनांपर्यंतच माल आणणाऱ्या आयातदाराला सूट मिळाली, पण वाळूज-चिकलठाण्यातून कंटेनर भरून पाठवणाऱ्याच्या गिऱ्हाइकाला ५० टन म्हणजे काहीच नाही.

एक सल्लागार येऊन कोटेशन देऊन गेले. आकडा पाहून मी चहा पाजला आणि निरोप दिला. पुतणी कॉस्टिंग बघते. ती म्हणाली, “काका, ही आपली कॉस्टिंग शीटच आहे. रुपयाच्या जागी किलो टाकायचे.” ते बरंचसं खरं निघालं.

एक ब्रॅकेट घ्या. तयार नग ११५० ग्रॅमचा, पण त्यासाठी ब्लँक लागतो १६०० ग्रॅमचा. लोहखनिज आणि कोळशापासून बनणाऱ्या आपल्याकडच्या पोलादाला टनामागे अडीच टनांच्या आसपास कार्बन धरतात. हिशोब तयार नगाच्या वजनावर करायचा नाही, ब्लँकच्या वजनावर करायचा. म्हणजे पत्र्याचेच चार किलो झाले. प्रेस, वेल्डिंग, कोटिंग मिळून नगामागे ०.४ युनिट वीज. ग्रिडच्या विजेला युनिटमागे साधारण ०.७ किलो, म्हणजे ०.२८. ओव्हनचा एलपीजी ४० ग्रॅम, किलोला तीन किलो या दराने ०.१२. वेल्डिंग वायर, पावडर, गाडीभाडं सगळं मिळून ०.१. बेरीज साडेचार किलो, आणि त्यातले जवळपास ८९ टक्के पत्र्याचे.

विजेत दहा टक्के बचत केली तर नगामागे २८ ग्रॅम वाचतात. ब्लँकमधून १०० ग्रॅम पत्रा वाचवला तर २५० ग्रॅम. छपरावर सोलर लावा म्हणून रोज फोन येतात. सोलर चांगलंच आहे, बिल उतरतं, पण आमच्या नगाचा कार्बन त्याने फारसा हलत नाही. सोलर विकणारा हे सांगणार नाही.

तरीही विजेचा भाग नीट करावाच लागला, कारण वाटणी तिथेच अडते. महावितरणचं बिल एक, पार्ट दीडशे. वजनावर वाटणी केली की जाड, नुसता कापलेला पार्ट वाईट दिसतो आणि हलका पण वेल्डिंगने भरलेला पार्ट साळसूद ठरतो. म्हणून प्रेस लाइन, वेल्डिंग, कोटिंग आणि कॉम्प्रेसर अशा चार ठिकाणी सबमीटर बसवले. प्रेसची वीज स्ट्रोकवर, वेल्डिंगची सीमच्या लांबीवर, कोटिंगची पृष्ठभागावर वाटली. लाईट गेल्यावर डीजी (जनरेटर) चालतो त्याच्या डिझेलला लिटरमागे २.७ किलो. मिग वेल्डिंगला सोडतात त्या गॅसमधला कार्बन डायऑक्साइडही मोजायचा, तो सरळ हवेतच जातो.

कॉम्प्रेसरच्या सबमीटरने मात्र आमची झोप उडवली. शुक्रवार आमचा सुट्टीचा वार. शेड बंद, एकही माणूस कामावर नाही, तरी मीटर फिरलेला. पुढच्या शुक्रवारी मेन्टेनन्सच्या पोराला घेऊन मुद्दाम गेलो. कॉम्प्रेसर चालूच राहिलेला होता, त्याच्यापाशी उभे राहिलो. हवेची एकही गन चालू नसताना तो थोड्या थोड्या वेळाने लोड घेत होता. बंद शेडमध्ये एरवी ऐकू न येणारी सूं-सूं चारी बाजूंनी येत होती. पोराने बादलीत निरमा कालवला आणि ब्रशने प्रत्येक जॉइंटला फेस लावत गेला. जिथे बुडबुडा फुगेल तिथे खडूची खूण. क्विक कपलिंग, फिल्टरचे बाऊल, एका जुन्या प्रेसच्या क्लचचा पाइप. दुपारपर्यंत अर्धी शेड खडूने रंगली होती. कपलिंग आणि पाइप बदलायला जो खर्च आला तो बिलातून लवकरच निघाला. कार्बनच्या कागदावर याने फरक पडला तो नावालाच, पण पैशाच्या कागदावर चांगला दिसला.

पत्र्याकडे परत येतो. अडीच हा आकडा सरासरीचा. तुमची मिल चांगली असेल तर तिचा स्वतःचा आकडा कमी असू शकतो. डिसेंबर २०२४ मध्ये केंद्राच्या पोलाद मंत्रालयाने हरित पोलादाची व्याख्या केली : टनामागे २.२ टनांपेक्षा कमी असेल तर हरित, आणि तिथून खाली तीन ते पाच तारे. पण आम्ही मिलकडून थेट घेत नाही, सर्व्हिस सेंटरकडून कापलेली कॉइल घेतो, आणि मिलचा आकडा त्या मधल्या हातात हरवतो. कॉइलला तारेने बांधलेल्या टॅगवर हीट नंबर, म्हणजे मिलच्या भट्टीतल्या त्या घाण्याचा नंबर, असतो. आता गाडी उतरली की स्टोअरवाला आधी त्या टॅगचा फोटो काढतो आणि मगच चलनावर सही करतो. त्या नंबरावरून मिलचं सर्टिफिकेट मागता येतं. ते मिळालं आणि आकडा २.१ निघाला तर याच ब्रॅकेटमागे ०.६४ किलो कमी. आमच्या अख्ख्या विजेच्या दुपटीहून जास्त.

उरलेला ४५० ग्रॅम पत्रा भंगारात जातो, आणि आपल्याकडचं बरंचसं भंगार शेवटी जालन्याच्या इंडक्शन भट्ट्यांत जाऊन त्याचे टीएमटी बार होतात. मला वाटलं, त्याचं श्रेय मिळेल. ग्राहकाने दिलेल्या नियमात मिळत नाही. भंगार गेटबाहेर कोरं, म्हणजे शून्य कार्बनचं धरून, जातं, सगळा बोजा आमच्या नगावर. जालनेवाल्याला ते कोरं मिळतं, मग तो भट्टीत किती भंगार आणि किती कोळशावरचं स्पंज आयर्न घालतो यावर त्याच्या बारचा आकडा ठरतो. नियमात तर्क आहे, नाहीतर भंगार जास्त पाडणाराच शहाणा ठरला असता. पण पटायला वेळ लागला.

मनात सलतं ते दुसरंच. सबमीटर आमचे, एक्सेल भरणारी माणसं आमची, आणि भावात या कामाचा एक रुपया धरलेला नाही. तीन ग्राहक तीन वेगवेगळे फॉर्म पाठवतात. कुणाला आर्थिक वर्ष हवं, कुणाला कॅलेंडर वर्ष. तेवढं एक जरी केलं तरी लहान वेंडरचा बराच ताप वाचेल.

यंदाच्या फॉर्ममध्ये नवा कॉलम आहे : ‘पुढील वर्षी किती घट करणार?’ आम्ही त्या ब्रॅकेटचं नवं नेस्टिंग, म्हणजे पत्र्यावर ब्लँक बसवायची नवी मांडणी, काढून दिलंय. एका कोपऱ्याची गोलाई थोडी बदलली तर दोन ब्लँक एकमेकांत बसतात आणि १२० ग्रॅम पत्रा वाचतो. त्यासाठी ड्रॉइंगला त्यांच्या डिझाइन विभागाची मंजुरी लागते, आणि डाय नवा करावा लागतो. गोलाईला त्यांची हरकत नाही. डायचा खर्च कुणी करायचा, यावर बोलणी चालू आहेत.