बालगंधर्वला जाताय? गाडी घरीच ठेवा

आप्पांना पुण्याच्या बालगंधर्व रंगमंदिरात एकदा नाटक बघायचं होतं. रविवारी साताऱ्याहून गाडी काढली, साडेबाराचा प्रयोग होता. जंगली महाराज रस्त्यावर जागा शोधत दोन चकरा झाल्यावर आप्पा वैतागले, "मला उतरव आणि तू हिंड." गाडी कुठल्याशा गल्लीत लावून धापा टाकत पोचलो, तर तिसरी घंटा होऊन गेलेली. अंधारात लोकांच्या पायांवर पाय देत खुर्ची गाठली.

म्हणून सांगतो, एसटीनं स्वारगेटला उतरा आणि मेट्रो धरा. जिल्हा न्यायालय स्थानकावर वनाजकडे जाणारी गाडी बदलून घ्यायची. पुढचं दुसरं स्थानक छत्रपती संभाजी उद्यान. तिथून रंगमंदिर चालत पाच-सात मिनिटांवर. गाडी बदलताना जमिनीखालून बरंच वर यावं लागतं, पण लिफ्ट आहे. तिकीट शक्यतो खिडकीवर काढा, प्लॅन बघून खुर्ची निवडता येते. गुडघे कुरकुरत असतील तर बाल्कनी नको, पायऱ्या आहेत. स्वस्त पडते म्हणून घ्याल आणि मध्यंतरात वड्यासाठी खाली-वर करताना पस्तावाल. वडा मात्र चुकवू नका. पडदा पडताच उठा, नाहीतर रांगेतच घंटा होते.

उशीर झाल्यामुळे बघायचं राहिलेलं सगळं आम्ही नाटक सुटल्यावर बघितलं. इथलं भूमिपूजन ८ ऑक्टोबर १९६२ ला खुद्द बालगंधर्वांच्या हातून झालं. उभारणीत पुलंनी जातीनं लक्ष घातलं होतं. उद्घाटन २६ जून १९६८ ला, म्हणजे बालगंधर्वांच्या ऐंशीव्या जयंतीला झालं. पण ते आदल्या वर्षीच्या जुलैत गेले होते. पाया घातला, पडदा उघडलेला काही बघितला नाही.

गोपाळ देऊस्करांनी रंगवलेली त्यांची दोन मोठी तैलचित्रं इथे आहेत, एक पुरुषवेषातलं, एक स्त्रीवेषातलं. आप्पा दुसऱ्यासमोरून हलेनात.

"तुझी आजी सांगायची, बायका यांच्याकडे बघून लुगडं नेसायला शिकायच्या."

"आणि आजी?"

"ती म्हणायची, आम्हाला कोण नेतंय नाटकाला!"

मग मी गाडी आणायला गेलो. गल्ली सापडायला वीस मिनिटं लागली.