वॉर्डातल्या सामानाचा हिशेब: माझा अनुभव

मी वॉर्डाची इन-चार्ज सिस्टर झाले तेव्हा हिशेब स्टिकरवर चालायचा. स्टोअरमधून आलेल्या प्रत्येक पाकिटावर स्टिकर असायचं; वस्तू वापरली की ते सोलून पेशंटच्या कार्डावर लावायचं आणि डिस्चार्जच्या वेळी कार्ड बिलिंगला. प्रत्यक्षात स्टिकरं एप्रनच्या खिशात, ट्रॉलीच्या कडेला, कधी भलत्याच फाइलवर सापडायची. मग महिनाअखेरीला स्टोअर विचारणार, इतके आयव्ही सेट (सलाइनच्या नळ्या) नेलेत, बिलात एवढेच कसे?

पुढे बारकोड आला. आधी पेशंटच्या मनगटावरचा पट्टा स्कॅन करायचा, मग वस्तू. सुरुवातीलाच एकाच्या बिलात सिरिंजचा अख्खा बॉक्स चढला. बॉक्सचा कोड वेगळा असतो, आतल्या पाकिटाचा वेगळा. घाईत बॉक्सवरचा स्कॅन झाला होता. तेव्हापासून सामान रॅकवर लावतानाच बॉक्स मोडून बाहेर टाकतो.

खरी खडाजंगी झाली ती बिलात काय धरायचं यावरून. वरच्यांना कापसाच्या बोळ्यापासून झाडून सगळं स्कॅन करून हवं होतं. मी अडून बसले. सिस्टरने सलाइनकडे बघायचं की ग्लोव्हज मोजत बसायचं? शेवटी ठरलं: ग्लोव्हज, स्वॅब, टेप हा वॉर्ड स्टॉक, बेड चार्जेसमध्येच धरलेला, ठरलेल्या पातळीखाली गेला की इंडेंट, म्हणजे स्टोअरला मागणीपत्र, टाकायचा, बस्स. सेंट्रल लाइन किट (मोठ्या शिरेत नळी घालायचं सामान), फोलीज कॅथेटर (लघवीची नळी), महागडी ड्रेसिंग्ज मात्र स्कॅन झालीच पाहिजेत. यादी आखूड झाली तशी ती पाळलीही जाऊ लागली.

पेशंट कोसळतो तेव्हा स्कॅनरला कुणी हात लावत नाही, लावूही नये. त्या वेळी एकच नियम: रॅपर आणि रिकाम्या व्हायल कचऱ्यात टाकायच्या नाहीत, एका ट्रेमध्ये जमा करायच्या. पेशंट स्थिरावला की एक सिस्टर वाचते, दुसरी नोंदवते. सुया अर्थातच शार्प्सच्या (टोकदार वस्तूंच्या) डब्यात, अँप्युल (औषधाच्या फोडायच्या काचेच्या कुप्या) काचेच्या डब्यात, त्यांची नोंद तिथल्या तिथे कागदावर. त्याच यादीवरून क्रॅश कार्टही (आणीबाणीच्या औषध-सामानाची ट्रॉली) भरून निघते, त्यामुळे कुणी टाळाटाळ करत नाही.

वॉर्डावॉर्डातली उसनवारी मात्र अजून डोकं खाते. रात्री शेजारून फोन येतो, “सिस्टर, एखादं सेंट्रल लाइन किट आहे का हो?” नाही कसं म्हणणार? स्कॅन तिकडे होतं, पैसे योग्य पेशंटच्या नावावर पडतात, पण साठा त्यांचा कमी होतो आणि आमच्या खात्यात न उरलेलं किट दिसत राहतं. ट्रान्स्फरची नोंद सकाळच्या हँडओव्हरला करायची असं ठरलंय. बहुतेक वेळा होते.