खळ्यातला निरोप्या

१४ मार्च, रात्री साडेअकरा, चिपळूण

सकाळी गुहागरहून आप्पांचा फोन. "अरे, तुझा पंप आज काही बोलेना. पोफळी माना टाकतील हो." दिवाळीत विहिरीवरच्या पंपाच्या स्टार्टरला रिले (विजेने दाबलं जाणारं बटण) जोडला, रिलेला रास्पबेरी पाय हा चिमुकला संगणक, आणि इथून त्याला आज्ञा द्यायला एसएसएच. आजवर लॉगिन करून हाताने 'पंपचालू' हे माझ्या स्क्रिप्टचं नाव लिहायचो. काल रात्री ऐटीत तीच आज्ञा, लॉगिन करून न बसता, एका ओळीत करून लॅपटॉपच्या क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी आज्ञा सोडणारी सोय) टाकली, पहाटे आपोआप सुटावी म्हणून.

लॉगमध्ये 'कमांड नॉट फाउंड', एक्झिट कोड १२७. म्हणजे लाइन आहे, एसएसएचची किल्ली चालते, रास्पबेरी पाय जागा आहे. त्याला वस्तूच सापडत नाही. लॉगिन करून पाहिलं तर 'पंपचालू' जागेवर!

संशय पाथवर, म्हणजे आज्ञा कुठल्या फोल्डरांत शोधायची त्या यादीवर. एका ओळीत 'एको डॉलर पाथ' विचारलं, दुहेरी अवतरणात. उत्तरात 'पंपचालू' ठेवलेलं माझं बिन फोल्डर व्यवस्थित. मग तासभर भलतीकडेच खणत बसलो: फाइलच्या परवानग्या, स्क्रिप्टची पहिली ओळ. खाऱ्या हवेने एसडी कार्ड गेलं असाही आळ घेऊन झाला. शेवटी त्याच उत्तरात 'स्नॅप' (प्रोग्राम बसवायची एक सोय) दिसलं. पायवर मी स्नॅप कधी घातलंच नाही, ते लॅपटॉपच्या उबुंटूवर आहे. दुहेरी अवतरणातला डॉलर पाठवण्याआधी इथलीच शेल (आज्ञा वाचून चालवणारा प्रोग्राम) उलगडते, त्याजागी इथलीच यादी घालते. दोन्हीकडे युजरनेम एकच, म्हणून फोल्डरचा पत्ताही जुळला. तासभर मी माझ्याच लॅपटॉपची उलटतपासणी घेत होतो! एकेरी अवतरणात विचारलं तेव्हा पायने खरं सांगितलं: बिन गायब.

कारण बॅशआरसीच्या, म्हणजे शेल सुरू होताना वाचते त्या फाइलीच्या, माथ्यावर. पायवरच्या डेबियन प्रणालीच्या त्या फाइलीत सुरुवातीलाच लिहिलेलं असतं की शेल संवादी नसेल, म्हणजे समोर कोणी टाइप करत बसलेलं नसेल, तर इथूनच मागे फिर. माझी पाथची ओळ मी फाइलीच्या तळाला घातलेली. निरोप घेऊन आलेला गडी खळ्यातूनच परततो, माजघरातल्या फडताळात काय आहे ते त्याला कुठून कळणार? लॉगिन करणारा मात्र थेट माजघरात. ओळ वर सरकवता आली असती, पण मी क्रॉनमध्ये स्क्रिप्टचा पूर्ण पत्ताच लिहिला. पुढच्या वेळी पाथशी खेळ नको.

आज्ञा सोडली, कोड ० आला, म्हणजे चूक नाही. आनंदाने आप्पांना फोन लावला तर तो आईने उचलला, मागे पंपाची घरघर.

"चालू झाला ना गो?"

"कधीचा! तुझी वाट बघत कोण बसतंय? मीच जाऊन हिरवं बटण दाबलं."

आता माझ्या आज्ञेने काही झालं की नाही, हे कळायला मार्ग नाही. म्हटलं, "आई, जरा लाल बटण दाब, मला इथून चालू करून बघायचाय."

"चालू पंप बंद करायचा, तू चालू करावास म्हणून?"

"हो."

"थांब, करत्ये."