एफ्टेलिंगला आई-बाबांना घेऊन गेलो त्याचा वृत्तांत, आणि दिवस रांगेत जाऊ नये म्हणून काय काय केलं

गेल्या जूनमध्ये आम्ही सहाजण एफ्टेलिंगला, म्हणजे इथल्या नेदरलँड्समधल्या मोठ्या थीम पार्कला, जाऊन आलो. मी, नवरा, ११ वर्षांची लेक, ६ वर्षांचा धाकटा, आणि साताऱ्याहून ३ महिन्यांसाठी आलेले माझे आई-बाबा. दिवस इतका छान गेला की परत येताना गाडीतच ठरवलं, हे सगळं नीट लिहून ठेवायचं, कारण नेदरलँड्समध्ये राहणाऱ्या आपल्या प्रत्येक घरात कधी ना कधी हा प्रश्न येतोच, आई-बाबा आलेत, मुलं पण मागे लागलीयेत, जायचं तर कधी आणि कसं.

आधी सांगते की आमची पहिली ट्रिप फसली होती, आणि चूक पूर्ण आमची होती. ३ वर्षांपूर्वी ऑक्टोबरच्या सुट्टीत, तेही शनिवारी, आणि घरून निवांत निघून १२ च्या पुढे पोचलो. ड्रोमव्लुख्त म्हणजे पऱ्यांची राइड, तिच्या रांगेत तासाभराहून जास्त उभे होतो, धाकटा तेव्हा ३ वर्षांचा, तो रांगेतच झोपला आणि आत गेल्यावर पऱ्या वगैरे काहीच न बघता खांद्यावर झोपूनच बाहेर आला. अख्ख्या दिवसात ५ राइड्स. म्हणून या वेळी नवऱ्याने आणि मी महिनाभर आधी बसून विचार केला.

तर सगळ्यात पहिली आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे तारीख. बाकी कितीही युक्त्या करा, तारीख चुकली की काही उपयोग नाही. इथे शाळा बुडवून जाऊ म्हटलं तर ते चालत नाही हे माहितीच असेल, ५ वर्षं पूर्ण झाली की शाळा सक्तीची, आणि परवानगीशिवाय मूल घरी ठेवलं तर दंड होऊ शकतो. पण प्रत्येक शाळेला वर्षात काही स्ट्युडीदाख असतात, म्हणजे त्या दिवशी शिक्षकांचं प्रशिक्षण आणि मुलांना सुट्टी, आणि हे दिवस प्रत्येक शाळेचे वेगवेगळे असतात. म्हणजे तुमची मुलं मोकळी आणि बाकीच्या देशातली मुलं वर्गात! शाळेचं वर्षाचं कॅलेंडर हातात आलं की आधी हे दिवस शोधा आणि त्यातला मंगळवार किंवा गुरुवार दिसला तर डोळे झाकून पकडा. आम्हाला जूनमधला मंगळवार मिळाला. बुधवार शक्यतो नको, बऱ्याच प्राथमिक शाळा दुपारी सुटतात आणि दुपारनंतर आजी-आजोबा नातवंडांना घेऊन येतात, शुक्रवारचंही थोडंफार तसंच.

स्ट्युडीदाख नाही जमला तर सुट्ट्यांचे विभाग बघा. नेदरलँड्समध्ये शाळांच्या सुट्ट्यांसाठी उत्तर, मध्य आणि दक्षिण असे ३ विभाग आहेत आणि ऑक्टोबरची, फेब्रुवारीची आणि उन्हाळ्याची सुट्टी सगळ्यांना एकाच वेळी लागत नाही. एफ्टेलिंग आहे काट्सह्यूवेलला, म्हणजे ब्राबांत प्रांतामध्ये, तो भाग दक्षिण विभागात. आम्ही अ‍ॅमस्टेलवीनचे, म्हणजे उत्तर. तेव्हा आपली सुट्टी आहे आणि दक्षिणेची नाही असा आठवडा मिळाला तर बघा. पण इथे एक गोष्ट लोक विसरतात, बेल्जियमची सरहद्द अगदी जवळ आहे आणि जर्मनीही फार लांब नाही, त्यामुळे तिकडच्या सुट्ट्याही बघाव्या लागतात. मे-जूनमध्ये एक गुरुवार असा येतो, फ्रोनलाइखनाम या ख्रिश्चन सणाचा, की त्या दिवशी जर्मनीच्या शेजारच्या नॉर्डराइन-वेस्टफालिया राज्यात सुट्टी असते आणि नेदरलँड्समध्ये नसते, आपल्या कॅलेंडरवर तो साधा कामाचा दिवस दिसतो आणि आपण फसतो. तिकीट तारखेचंच घ्यावं लागतं, आणि दर तारखेप्रमाणे बदलतो, त्यामुळे तिकिटाचं कॅलेंडर उघडलं की स्वस्त दिवस कुठले ते बघून गर्दीचा अंदाज आपोआप येतो. ३ वर्षांपर्यंतच्या मुलांना तिकीट नाही.

जूनमध्ये एक अडचण असते ती म्हणजे शाळांच्या सहली. आम्ही पार्किंगमध्ये शिरलो तर एका रांगेत बसेस उभ्या, माझं तर धाबंच दणाणलं. पण सहलीची मुलं मोठ्या राइड्सकडे झुंडीने पळतात आणि दुपारी तीन-साडेतीनला परत बसमध्ये बसतात. हे लक्षात ठेवून दिवस आखला की त्रास होत नाही, उलट साडेतीननंतर पार्क एकदम सुटसुटीत होतं.

पोचायचं कसं तर आमची गाडी होती, घरून सव्वा तास लागतो म्हणून दोन तास धरून निघालो. गाडी नसेल तर डेन बॉस किंवा टिलबर्ग स्टेशनवरून थेट बस आहे. पार्किंगचे पैसे वेगळे, तेही आधीच ऑनलाइन भरून टाका. उघडण्या-बंद होण्याच्या वेळा दिवसागणिक बदलतात म्हणून आदल्या दिवशी परत एकदा बघा, आणि राइड्स सुरू व्हायच्या किमान अर्धा तास आधी गेटच्या आत असा. हा अर्धा तास झोपेत गेला तर दुपारी त्याचे दोन तास होतात, हे मी अनुभवाने सांगतेय.

आता आत गेल्यावर काय होतं ते बघा. समोर सरळ रस्ता आहे, त्याच्या टोकाला सिंबोलिकाचा राजवाडा दिसतो, २०१७ ची राइड, दिसायला सुंदर, आणि सगळं पब्लिक नाकासमोर चालत तिथेच जातं. उरलेलं ड्रोमव्लुख्तला. आम्ही मुद्दाम दोन्ही सोडून थेट मागच्या बाजूला, राउखराइक म्हणतात त्या भागात गेलो, जिथे मोठे रोलर कोस्टर आहेत. बॅरन १८९८ ला (नाव असं असलं तरी राइड २०१५ ची आहे, खाणीची थीम, ३७.५ मीटरवरून सरळ खाली सोडतात, वेग ९० किलोमीटर) आम्ही दहा मिनिटांत बसलो सुद्धा. तिथे उंची १३२ सेंटीमीटर लागते, लेक बसली, धाकट्याचं नाव नव्हतं. म्हणून मुलांची उंची घरी भिंतीपाशी मोजूनच जा आणि आधीच सांगून ठेवा की कुठे बसता येईल आणि कुठे नाही, नाहीतर गेटवर रडारड होते आणि वेळ जातो. धाकट्यासाठी शेजारीच योरिस एन दे द्राक (योरिस आणि ड्रॅगन) आहे, लाकडी कोस्टर, तिथे ११० सेंटीमीटर पुरते. दोन गाड्या शेजारी-शेजारी एकदम सुटतात, एक पाण्याची एक आगीची, आणि शर्यत लागते. आमची पाण्याची जिंकली, धाकटा दिवसभर तेच सांगत होता!

आजी-आजोबा बरोबर नसतील आणि लहान मूल असेल तर बेबी स्विचचं विचारा. एकाने रांग लावून राइड करायची, दुसऱ्याने मुलाजवळ थांबायचं, मग दुसऱ्याला परत पूर्ण रांग लावावी लागत नाही. आणि बॅरनला एकट्या माणसाची वेगळी रांग आहे, नवरा दुपारी परत एकदा तिथून जाऊन पटकन बसून आला, शेजारी कोण बसतंय याची फिकीर नसेल तर हे फार सोयीचं.

फोनवर त्यांचं अ‍ॅप घ्याच. प्रत्येक राइडला किती मिनिटं थांबावं लागेल ते दिसतं. पण नुसत्या आकड्याच्या मागे पळू नका, पार्क मोठं आहे, ५ मिनिटं वाचवायला १५ मिनिटं चालायचं आणि आई-बाबांचे गुडघे दुखवायचे यात अर्थ नाही. आणि रांग किती लांब दिसते त्यापेक्षा ती किती सरकते ते बघा. फाटा मॉर्गानाला बोटी एकामागून एक सुटत असतात, कार्निव्हल फेस्टिव्हलच्या गाड्या थांबतच नाहीत, तिथे लोक पुष्कळ दिसले तरी नंबर भराभर लागतो, या राइड्स भर दुपारीही चालतात. फाटा मॉर्गाना १९८६ ची आहे, अरबी बाजार, सुलतान, बोटीतून सगळं बघत जायचं, बाबांना ती फारच आवडली, म्हणाले, "परत एकदा जाऊया का गं?" गेलो परत, १० मिनिटं.

बारा ते तीन हा दिवसातला सगळ्यात वाईट वेळ, सगळीकडचे आकडे फुगलेले असतात. या वेळात आम्ही स्प्रोक्येसबोसमध्ये होतो, म्हणजे परीकथांचं जंगल. एफ्टेलिंगची सुरुवातच इथून झाली, १९५२ मध्ये, चित्रकार आंतोन पीक यांनी याची चित्रं काढली होती. इथे राइड नाही म्हणून रांगही नाही, मोठ्या झाडांची सावली, पायवाटा, आणि प्रत्येक वळणावर एक गोष्ट. लोक सकाळी ताजेतवाने असताना हे जंगल बघून टाकतात आणि दुपारच्या उन्हात राइडच्या रांगेत उभे राहतात, आम्ही बरोबर उलटं केलं आणि अख्ख्या दिवसातला हाच निर्णय मला सगळ्यात जास्त पटला.

इथे घाई करू नका. झोपलेल्या राजकन्येच्या किल्ल्यावर थोडा चढ आहे, आई हळूहळू चढली, पहारेकरी घोरतोय ते बघून हसली आणि मग राजकन्येच्या खोलीच्या काचेशी उभी राहून एकदम म्हणाली, "अगं, ही श्वास घेतेय!" खरंच छाती अगदी हलकी वरखाली होत असते, पटकन बघून पुढे गेलं तर लक्षातही येत नाही. आई तिथे पाचेक मिनिटं उभी होती आणि मागून कोणी ढकलत नव्हतं. मग भारतीय कमळांची गुहा आहे, १९६६ पासूनची, ही गोष्ट बेल्जियमच्या राणी फाबिओला यांनी लिहिलेली आहे. अंधारात तळं, बेडूक वाद्यं वाजवतात, कमळं उमलतात आणि त्यात पऱ्या नाचतात. यात भारतीय काय आहे असं बाबांनी विचारलं, त्याचं उत्तर काही देता आलं नाही, पण गार गुहेत बसून दोघांनी दोनदा बघितलं.

आणि होले बोले खाइस! हा एक लठ्ठ तोंड वासून बसलेला माणूस, "पापिर हिर, पापिर हिर" असं ओरडत असतो, म्हणजे कागद इकडे. तोंडाशी कागद धरला की आत खेचून घेतो आणि थँक्यू म्हणतो. धाकट्याने आधी आमच्या पिशवीतले टिश्यू संपवले, मग बाबा आणि तो दोघं मिळून वाटेवरचे कागद शोधत हिंडायला लागले, ७१ वर्षांचा माणूस वाकून वाकून कागद उचलतोय आणि नातू पळत जाऊन त्याला भरवतोय. अर्धा तास गेला यात. या अर्ध्या तासाला अ‍ॅपमध्ये आकडा नसतो, पण धाकट्याला विचाराल तर तो हेच पहिलं सांगेल, ड्रॅगनच्या शर्यतीनंतर.

खाण्याचं सांगते. बाहेरचं खाणं नेता येतं, ही फार मोठी सोय आहे. आम्ही दशम्या, शेंगदाण्याची चटणी, बटाट्याची सुकी भाजी आणि चुरमुऱ्याचा चिवडा नेला होता. डच लोक साडेबाराला जेवतात म्हणजे जेवतात, तेव्हा सगळ्या स्टॉलवर रांगा, म्हणून फ्राइज वगैरे घ्यायचं असेल तर साडेअकराला नाहीतर अडीचला घ्या. आमचं जेवण जंगलाजवळ बाकावर झालं, कुठेही रांग नाही.

वयस्कर माणसं बरोबर असतील तर वाफेची गाडी लक्षात ठेवा, तिला दोन स्टेशनं आहेत, एक जंगलाच्या बाजूला आणि एक मागे रोलर कोस्टरच्या बाजूला, म्हणजे फिरणंही होतं आणि चालणंही वाचतं. व्हीलचेअर भाड्याने मिळते, आई आधी नको नको म्हणत होती म्हणून घेतली नाही आणि चारच्या सुमाराला तिचे पाय भरून आले, पुढच्या वेळी विचारत बसणार नाही, सकाळीच घेईन. छोट्या मुलांसाठी ओढायची लाकडी गाडी मिळते, तीही झकास. दोघांपैकी एकाचा फोन बंद पडला तर म्हणून भेटायची एक जागा सकाळीच ठरवून ठेवा.

साडेतीननंतर सहलीच्या बसेस गेल्या आणि मग आम्ही सकाळी सोडलेलं सगळं केलं. ड्रोमव्लुख्त २० मिनिटांत, या वेळी धाकटा टक्क जागा, अंधारात लटकत्या गाडीतून पऱ्यांची गावं बघताना तोंड उघडंच. सिंबोलिकाला आत ३ वेगळे रस्ते निवडता येतात, आम्ही आतला फरक न बघता ज्याची रांग छोटी तो निवडला. दान्स माकाब्रला मात्र दिवसभर गर्दी होती, ही ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झालेली भुताची राइड, जुन्या स्पोकस्लॉटच्या, म्हणजे भुताच्या वाड्याच्या, जागेवर. इथे आम्ही बंद व्हायच्या वेळेच्या थोडं आधी जाऊन उभे राहिलो, तेव्हा बाकीचे लोक तळ्याकडे निघालेले असतात. हे जमवायचं तर दोन टोळ्या करा, कारण तळ्यावरचा आक्वान्युरा कारंज्यांचा शो चुकवू नका. नवरा आणि लेक भुताकडे, आम्ही चौघं तळ्याच्या काठी जागा धरून.

शो संपला की सगळे एकदम गेटकडे चालायला लागतात आणि पार्किंगमधून बाहेर पडायला परत रांग. आम्ही तिथेच बाकावर बसून उरलेला चिवडा खाल्ला, थर्मासमधला चहा घेतला, नवरा-लेक येऊन मिळाले, त्यांनी भुतांचं सगळं वर्णन केलं, आणि पाऊण तासाने गाडीत बसलो तेव्हा पार्किंग जवळजवळ रिकामं होतं. धाकटा हायवेला लागायच्या आतच झोपला, खिशात एक चुरगळलेला कागद होता, म्हणाला होता पुढच्या वेळी खाइसला द्यायचाय.